अन्ननलिकेचा दाह आणि तिच्या स्नायूंची हालचाल

अंतर्वेध (धागाकर्ता)

छातीत जळजळ होणे, आंबट पाणी घशाशी येणे या तक्रारींबद्दल जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा सगळा भर आम्लावर असतो. आम्ल वर येते, अस्तर सोलवटते, औषधाने आम्ल कमी केले की अस्तर भरून येते आणि विषय तिथेच मिटतो. परंतु अन्ननलिका ही नुसती अस्तर लावलेली नळी नाही, तो काम करणारा स्नायू आहे. दाह झाल्यावर या स्नायूच्या हालचालीचे काय होते याची चर्चा फारशी वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी निरोगी अन्ननलिकेविषयी थोडे. प्रौढ माणसात तिची लांबी साधारण २५ सेंटिमीटर असते. वरच्या भागात हातापायांत असतात तसे रेखित स्नायू असतात, मध्ये दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते आणि खालचा अर्ध्याहून अधिक भाग अरेखित स्नायूंचा असतो. स्नायूंचे थर दोन: आतला वर्तुळाकार आणि बाहेरचा उभा. या दोन थरांच्या मध्ये चेतापेशींचे जाळे पसरलेले असते आणि पुढच्या सगळ्या चर्चेत हे जाळे महत्त्वाचे ठरणार आहे.

आपण घास गिळतो तेव्हा या जाळ्यातून आधी शिथिल होण्याचा संदेश जातो, ज्यात नायट्रिक ऑक्साइड या रसायनाचा मुख्य वाटा असतो. त्याच्या मागोमाग आकुंचनाचा संदेश येतो आणि ते काम प्रामुख्याने चेतातंतूंतून स्रवणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलिन करते. शिथिलतेचा काळ वरच्या भागात कमी आणि खाली जावे तसा जास्त असल्यामुळे आकुंचनाची लाट वरून खाली सरकत जाते. हेच क्रमाकुंचन. ही लाट सेकंदाला साधारण ३ ते ४ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि आठ-दहा सेकंदांत जठराच्या तोंडाशी पोहोचते. गिळण्याची क्रिया झालेली नसतानाही अन्ननलिकेत काही उरले किंवा जठरातून काही वर आले, तर भिंत ताणली जाते आणि दुय्यम लाट आपोआप सुरू होते. खालच्या टोकाची झडप एरवी जठरातील दाबापेक्षा १० ते ३० मिलिमीटर पारा इतका जास्त दाब धरून मिटलेली असते आणि गिळताना ती उघडते.

दाहात या व्यवस्थेचे तीन भाग बिघडू शकतात: लाटेची ताकद कमी होते, काही वेळा लाट मध्येच तुटते किंवा उमटतच नाही, आणि झडपेचा दाब उतरतो. पीटर काहरिलस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य दाह असलेल्या २५ टक्के रुग्णांत आणि तीव्र दाह असलेल्या ४८ टक्के रुग्णांत क्रमाकुंचनाचा बिघाड आढळला होता.

लाट कमकुवत झाल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारेल. वर आलेले आम्ल हटवण्याचे काम दोन टप्प्यांत होते. एखाद-दोन चांगल्या लाटांनी जवळजवळ सगळा द्रव जठरात परत जातो. पण भिंतीला चिकटून राहिलेला पातळ थर आम्लयुक्तच असतो, आणि तो निष्प्रभ होतो तो गिळलेल्या लाळेतील बायकार्बोनेटमुळे. ती लाळ खालपर्यंत नेऊन पसरवण्यासाठीही लाटच लागते. खालच्या भागात लाटेचा दाब सुमारे ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला तर द्रव पुरता ढकलला जात नाही आणि काही भाग मागे सुटतो. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणेही क्वचितच होते. त्यामुळे दाहाने लाट मंदावली की आम्ल अधिक वेळ टिकते, आणि आम्ल अधिक वेळ टिकले की दाह वाढतो. माझ्या मते या आजाराचे मर्म या चक्रात आहे. आम्लाचे प्रमाण ही त्याची एक बाजू झाली.

सायंतारा

लेख आवडला. एक शंका आहे. दुर्बिणीच्या तपासणीत ज्या जखमा दिसतात त्या अस्तरावरच्या असतात. स्नायू त्याच्या बराच खाली, मधल्या थराच्या पलीकडे असतो. आम्ल तिथपर्यंत झिरपत नसेल, तर स्नायूला इजा होते कशी?

मध्यमा

सायंतारा, तुमची शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. या विषयाचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देते.

स्नायूपर्यंत आम्ल पोहोचावे लागत नाही, दाहाचे रासायनिक दूत पोहोचतात. आम्लाच्या संपर्कात आलेल्या अस्तराच्या पेशी इंटरल्युकिन नावाची प्रथिने आणि इतर दाहकारक द्रव्ये सोडतात. ती खालच्या थरांत पसरतात आणि तिथे पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. मांजरांच्या अन्ननलिकेत आम्ल सोडून दाह निर्माण करण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतून एक फार बोलकी गोष्ट समोर आली. दाह झालेल्या अन्ननलिकेतील वर्तुळाकार स्नायूची पट्टी काढून तिच्यातील चेतातंतूंना विजेने चेतवले, तर आकुंचन क्षीण होते. त्याच पट्टीवर थेट अ‍ॅसिटिलकोलिन टाकले, तर ती जवळपास पूर्वीसारखीच आकसते. याचा अर्थ असा की स्नायूची ताकद शाबूत असते, त्याला मिळणारा हुकूम क्षीण झालेला असतो. इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६ ही द्रव्ये चेतातंतूंच्या टोकांतून होणारा अ‍ॅसिटिलकोलिनचा स्राव कमी करतात, असे या प्रयोगांत दिसले.

झडपेची गोष्ट थोडी वेगळी आहे. झडप सतत मिटलेली राहते ती तिच्या स्नायुपेशींच्या आत साठवलेले कॅल्शियम हळूहळू वापरले जात असल्यामुळे. दाहात हा आतला साठाच उणा पडतो आणि आकुंचनासाठी पेशीला बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून राहावे लागते. शिवाय दाहात तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ झडपेला आणखी सैल करतात. म्हणजे एकाच दाहाने नळीच्या मधल्या भागात चेतातंतूंवर आघात होतो आणि झडपेत प्रत्यक्ष स्नायुपेशीवर.

आणखी एक संदर्भ इथे द्यायलाच हवा. वरून जळत जळत जखम खोल जाते, हीच समजूत अनेक वर्षे प्रचलित होती. २०१६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी, ज्यांचा तीव्र दाह औषधांनी पूर्ण बरा झाला होता अशा १२ रुग्णांची औषधे दोन आठवडे थांबवून अस्तराचे नमुने तपासले. आम्लाने पृष्ठभाग जळाला असता तर वरच्या पेशी आधी नष्ट झालेल्या दिसायला हव्या होत्या आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात सुरुवातीला वाढल्या त्या लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि जिथे पृष्ठभाग शाबूत होता तिथेही तळाच्या पेशींचा थर जाडावलेला आढळला. रुग्ण थोडे होते हे खरे, पण दाह ही केवळ रासायनिक भाजणी नाही, ती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने चालवलेली प्रक्रिया असू शकते, या दिशेने तो अभ्यास बोट दाखवतो. तसे असेल, तर स्नायूंच्या थरापर्यंत परिणाम पोहोचण्यात नवल काहीच नाही.

रोखठोक

माहिती उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. काहरिलस यांच्या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते: तीव्र दाह असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांत असा बिघाड नव्हताच. दाहामुळेच लाट मंदावत असेल, तर एवढी माणसे सुटली कशी? ज्यांच्या लाटा मुळातच कमकुवत होत्या त्यांचा दाह अधिक तीव्र झाला, असेही याच आकड्यांतून म्हणता येईल. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून त्यांतली एक कारण आणि दुसरी परिणाम, असे होत नाही.

दुसरा मुद्दा औषधांचा. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधे आल्यानंतर दाह पूर्ण बरा करून पुन्हा दाब मोजण्याचे अभ्यास झाले. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील एका गटाने केलेल्या अशा अभ्यासात अस्तर भरून आले, तरी हालचालीत म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. दाह हेच कारण असते, तर दाह गेल्यावर हालचाल पूर्ववत व्हायला हवी होती.

तिसरा मुद्दा असा की आम्ल वर येण्याच्या बहुतांश घटना झडप कायमची सैल असल्यामुळे घडतच नाहीत. जॉन डेंट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये निरोगी माणसांत दाखवून दिले की गिळण्याशी संबंध नसताना झडप मधूनच काही सेकंद पूर्ण सैल पडते आणि त्या वेळी आम्ल वर येते. जठर फुगले की व्हेगस या मेंदू आणि जठर यांना जोडणाऱ्या चेतेमार्फत घडणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिच्यासाठी आधी दाह असावा लागत नाही.

अंतर्वेध (धागाकर्ता)

रोखठोक, तिसरा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. फक्त एक पुस्ती जोडतो: झडप क्षणिक सैल पडणे हा आम्ल वर येण्याचा मार्ग झाला, तर लाटेचा कमकुवतपणा ते आम्ल किती वेळ वर राहील हे ठरवतो. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दोन माणसांत आम्ल सारख्याच वेळा वर येत असेल, तरी ज्याची लाट दुबळी त्याचे अस्तर अधिक काळ आम्लात भिजत राहते.

दाह गेल्यावरही हालचाल सुधारत नाही याचे दोन अर्थ निघतात. एक तुम्ही म्हणता तो, म्हणजे दोष मुळातच होता. दुसरा असा की दाह पुष्कळ काळ राहिल्यामुळे खोल थरांत तंतुमय ऊती तयार झाल्या आणि चेतातंतूंचे नुकसान कायमचे झाले. मांजरांवरचे प्रयोग थोड्या दिवसांच्या तीव्र दाहाचे आहेत, माणसातील दाह वर्षानुवर्षांचा असतो. म्हणून प्रयोगातील निष्कर्ष जसाच्या तसा रुग्णाला लावता येणार नाही, हे मलाही पटते. हालचालीतील दोष आधी आणि दाह नंतर असा क्रम असू शकतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे स्क्लेरोडर्मा. त्या आजारात अन्ननलिकेचा अरेखित स्नायू झिजतो, लाट जवळजवळ नाहीशी होते, झडपही दुबळी पडते आणि मग आम्लाला रान मोकळे मिळून तीव्र दाह होतो.

त्यामुळे ‘आधी कोण’ या प्रश्नाचे सर्व रुग्णांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, असे माझे मत आहे. चक्रात शिरण्याचे दरवाजे दोन आहेत. आत शिरल्यावर मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात.

पाऊलखूण

मी या चर्चेकडे रुग्ण म्हणून पाहते आहे. माझा दाह दुर्बिणीच्या तपासणीनुसार बरा झालेला होता, तरी कोरडा घास छातीच्या मध्यावर रेंगाळल्यासारखा वाटत असे. म्हणून मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतील दाब मोजण्याची तपासणी, करण्यास सांगितले गेले. या तपासणीचे नाव ऐकून अनेक जण बिचकतात, म्हणून तिचे वर्णन करते.

नाकपुडीत बधिर करणारी जेली लावून बोरूइतकी बारीक, लवचीक नळी नाकातून घशात आणि तिथून जठरापर्यंत सरकवतात. नळी घशाच्या मागच्या कोपऱ्यावर वळते तो क्षण सर्वांत नकोसा असतो. डोळ्यांत पाणी येते, उमासा येतो, आणि त्याच वेळी पाणी गिळत राहण्यास सांगतात. नळी एकदा जागेवर बसली की तिला नाकाशी चिकटपट्टी लावतात आणि आडवे झोपवतात. मग सिरिंजने तोंडात ५ मिलिलिटर पाणी सोडतात आणि ते एकाच घोटात गिळायचे असते. असे दहा घोट. दोन घोटांच्या मधल्या वेळेत काहीही गिळायचे नाही, हे ऐकायला सोपे वाटते. परंतु नळीमुळे लाळ सुटत असते आणि ती तोंडात धरून ठेवताना अर्धे मिनिटही लांबच लांब वाटते.

पडदा मला दिसेल असा ठेवलेला होता. वर एक आणि खाली एक असे दोन आडवे रंगीत पट्टे होते, त्या अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या झडपा. घोट घेतला की दोन्ही पट्टे क्षणभर निळे पडत आणि वरच्या पट्ट्यापासून खालच्या पट्ट्याकडे एक तिरपी रेघ उमटत जाई. तंत्रज्ञांनी दाखवलेल्या निरोगी माणसाच्या नमुन्यात ती रेघ सलग, पिवळी-लाल होती. माझी रेघ मध्येच फिकट हिरवी होऊन विरत होती आणि काही घोटांना तर निळ्या पडद्यावर जवळजवळ काहीच उमटले नाही. शेवटी २-२ मिलिलिटरचे पाच घोट भराभर घ्यायला लावले आणि त्यांच्या नंतर मात्र चांगली ठसठशीत लाल रेघ आली. ‘हे चांगले लक्षण आहे’ एवढेच मला सांगण्यात आले. ते चांगले का, हे कोणी समजावून सांगेल का?

मध्यमा

पाऊलखूण, तुमच्या वर्णनाचा अनेकांना उपयोग होईल. त्या तपासणीतील नळीवर साधारणपणे ३६ दाबमापक एकेक सेंटिमीटर अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे पडद्यावर संपूर्ण अन्ननलिकेचा दाबाचा नकाशा उमटतो. हे रंगीत नकाशे रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील सेंट लुइस येथील रे क्लाउस यांच्याकडे जाते.

भराभर घेतलेल्या घोटांचा अर्थ असा. एकामागून एक घोट घेत असताना प्रत्येक घोटाबरोबर शिथिल होण्याचा संदेश जात राहतो, म्हणून अन्ननलिका शांत राहते. शेवटच्या घोटानंतर ही मनाई उठते आणि निरोगी माणसात एरवीपेक्षा जोरकस लाट येते. ती आली, म्हणजे स्नायूत आणि त्याला चेतवणाऱ्या तंतूंत राखीव ताकद शिल्लक आहे. एकेका घोटाला लाट क्षीण असूनही हा प्रतिसाद चांगला असेल, तर यंत्रणा मोडलेली नाही, मंदावलेली आहे, असे समजतात. मांजरांच्या प्रयोगात स्नायू शाबूत आणि हुकूम क्षीण असे चित्र होते, त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळते. अर्थात दोन्ही एकच आहेत असा दावा मी करणार नाही.

निदानाचे निकष २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो वर्गीकरणाच्या (मॅनोमेट्रीवरून निदान करण्याच्या नियमावलीच्या) चौथ्या आवृत्तीत अधिक कडक केले आहेत. ७० टक्क्यांहून अधिक घोट निष्प्रभ असतील किंवा किमान निम्म्या घोटांना लाटच उमटली नसेल, तरच निष्प्रभ हालचालीचे निदान करावे, असे ती सांगते. आधीच्या आवृत्तीत निम्मे घोट निष्प्रभ असणे पुरेसे होते आणि त्यामुळे पुष्कळ निरोगी माणसांवरही हा शिक्का बसत असे.

नीलमोहर

आत्तापर्यंतची सगळी चर्चा आम्लाने होणाऱ्या दाहाभोवती फिरली. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या दाहाचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहितो. हा ॲलर्जीशी नाते असलेला दाह १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च क्षमतेच्या एका क्षेत्रात १५ किंवा त्याहून अधिक इओसिनोफिल दिसणे हा त्याच्या निदानाचा एक निकष आहे. यात जळजळीपेक्षा घास अडकणे ही तक्रार ठळक असते.

गंमत अशी की यांतील बऱ्याच रुग्णांची मॅनोमेट्री सर्वसाधारण येते, मग घास अडकतो का? याची दोन कारणे सांगता येतात. दाहातून टीजीएफ-बीटा हे द्रव्य सुटते आणि अस्तराखाली तंतुमय ऊती साठून भिंत ताठर होते. लाट ठीक असली तरी नळी पुरेशी फुगत नाही. शिवाय ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांत उभ्या थराचे आकुंचन मंदावलेले आढळले आहे आणि नेहमीच्या मॅनोमेट्रीत मुख्यतः वर्तुळाकार थराचेच काम दिसत असल्याने हा दोष तिच्या नजरेतून निसटतो. ताठरपणा मोजण्यासाठी अन्ननलिकेत फुगा फुगवून तिचा व्यास आणि दाब एकत्र मोजणारी वेगळी तपासणी असते. घास वारंवार अडकत असेल, तर दुर्बिणीतून सर्व काही ठीक दिसले तरी अस्तराचे नमुने घ्यायला हवेत, कारण हा आजार नमुन्यांवाचून सुटून जाऊ शकतो.

रोखठोक

नीलमोहर यांनी उभ्या थराचा विषय काढला आहे, तर त्याची उलट बाजूही नोंदवतो. दाहाने हालचाल मंदावतेच असे नाही. अन्ननलिकेत आम्ल असताना उभा थर काही वेळा दीर्घकाळ आकसून राहतो आणि छातीतील दुखण्याशी व जळजळीशी त्याचा संबंध आढळला आहे. म्हणजे एकाच अन्ननलिकेत वर्तुळाकार थर ढिला आणि उभा थर ताणलेला, असे घडू शकते. उभा थर वारंवार आकसला की अन्ननलिका वर खेचली जाते आणि जठराचा वरचा भाग मध्यपटलातून छातीत सरकण्यास हातभार लागतो, असेही मानले जाते.

सायंतारा

सर्वांचे आभार, शंका फिटली. आता सरळ विचारते: ही हालचाल सुधारण्याचे औषध आहे का?

मध्यमा

खात्रीने लाट बळकट करील असे औषध आज उपलब्ध नाही. जठर लवकर रिकामे करणारी जी औषधे दिली जातात त्यांचा उपयोग मुख्यतः जठराला होतो. बॅक्लोफेन झडपेचे अवेळी सैल पडणे कमी करते, परंतु सुस्ती आणि चक्कर यांमुळे ते सर्रास दिले जात नाही.

म्हणून भर राहतो तो दाह आटोक्यात ठेवण्यावर आणि दुबळ्या लाटेला गुरुत्वाकर्षणाची मदत देण्यावर. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास काही न खाणे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे यांनी रात्रीचा आम्लाचा संपर्क कमी होतो. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि त्याचा उपयोग होत नाही. लाट दुबळी असेल, तर घास लहान घ्यावा, नीट चावावा आणि जेवताना ताठ बसावे. रक्तदाबासाठीची कॅल्शियम रोधक औषधे आणि नायट्रेट ही झडपेचा दाब उतरवतात, म्हणून आपल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीचे अ‍ॅलेंड्रोनेट या गोळ्या दुबळ्या अन्ननलिकेत रेंगाळल्या तर तिथेच व्रण करतात. त्या पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

गिळण्याचा त्रास वाढत जाणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही असेल, तर धाग्यावर विचारत न बसता तातडीने डॉक्टरांना गाठावे.

पाऊलखूण

मला शस्त्रक्रियेचा पर्यायही सुचवला आहे. राखीव ताकद चांगली निघाली, याचा त्या निर्णयाशी संबंध येतो का?

मध्यमा

येतो. त्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात. पूर्ण ३६० अंशांचा वेढा दिला की लाटेला अधिक अडथळा पार करावा लागतो, म्हणून लाट दुबळी असल्यास अनेक शल्यचिकित्सक २७० अंशांच्या अपुऱ्या वेढ्याला पसंती देतात. राखीव ताकद शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर घास अडकत राहण्याची शक्यता कमी धरतात, पण निर्णय केवळ त्यावर होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मॅनोमेट्री करण्याचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे: अ‍ॅकॅलेझिया या आजारात चेताजाळ्यातील शिथिल करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात आणि झडप उघडतच नाही, परंतु साचलेले अन्न आंबून जळजळ होत असल्याने तो आम्लाचाच त्रास वाटू शकतो. तिथे वेढा घातला, तर आधीच न उघडणाऱ्या झडपेवर आणखी एक अडसर बसतो. तुमच्या पडद्यावर गिळताना खालचा पट्टा निळा पडत होता, म्हणजे झडप सैल होत होती; तरीही अहवालात झडपेच्या शिथिलतेचा आकडा दिलेला असतो, तो शल्यचिकित्सकांना आवर्जून विचारा.